घरटी एक माणूस

मुलगा तुरुंगातून सुटणार असा निरोप मिळताच नागम्मा तेरहून आली ती भावाच्या दारात न थांबता सरळ मागच्या खोलीकडे निघाली. शांताक्काने पाय धुवायला तांब्या भरून ठेवला होता, तो तसाच राहिला.

"वन्सं, पाय तर धुवा."

"लेकरू कुठंय माझं?"

"आत हाय. अव्वा बसल्यात जवळ. काल आल्यापासून पाण्याशिवाय पोटात काय न्हाय त्याच्या."

खोलीत रामलिंग भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडला होता. डोकं भादरलेलं, मान काडीसारखी झालेली. इरम्मा उशाशी बसून नातवाला पदराने वारा घालत होती. नागम्माने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. त्याने अंग चोरलं. मग आईचा हात ओळखला असावा, पण वळला नाही.

"रामा, म्या आलीय रं. तुला न्यायला."

"कुठं न्यायला?"

"तेरला. आपल्या घरी."

शांताक्का दाराबाहेर उभी राहून हे ऐकत होती. आत जायचं तिला धाडस होत नव्हतं. नवरा गेल्यावर नागम्माने हा एकुलता एक मुलगा शिकायला म्हणून नळदुर्गला बापाकडे ठेवला होता, आणि शांताक्काने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला होता. माघात जे घडलं त्यानंतर नागम्मा या घरी प्रथमच येत होती.

घर थेटराच्या पाठीलाच होतं. नागम्माच्या बापाने, शिवलिंगप्पांनी, भुसाराचा व्यापार आवरून जुन्या गोदामावर पत्रे चढवले, तेल खाणारं इंजिन बसवलं आणि सिनेमा सुरू केला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. माघातल्या त्या दिवशी थेटर पोरांनी खच्चून भरलं होतं. आसपासच्या खेड्यांतनं पोरं यायची. निम्मी खेळ बघायला यायची आणि निम्मी स्टेट काँग्रेसचे निरोप काळोखात एकमेकांच्या कानात सांगायला. गावाला हे ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. मध्यंतराच्या आधी पोलीस अमीन आला आणि त्याने नागम्माच्या भावाला, शांतलिंगला, जनान्याकडच्या दाराला कुलूप घालायला सांगितलं. शांतलिंगने घातलं. मग दिवे लागले. पुढच्या दारात शिपाई आणि रझाकार उभे होते. एकेक पोरगं निवडून बाहेर काढलं गेलं. त्यांत रामलिंगही निघाला. आजोबांनी त्याला थेटरात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे तो आत असेल हे मामाच्या स्वप्नातही नव्हतं.

शांताक्काला मात्र ठाऊक होतं. जनान्याच्या दारातनं तिनेच त्याला आत सोडलं होतं. तो लाडाने "मामी, एवढ्या बारीला" म्हणाला होता.

*

सोप्यात शिवलिंगप्पा पूजा आटोपून बसले होते. कपाळावरची विभूती अजून ओली होती. नागम्मा बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. शांतलिंग तिच्याकडे न बघता चंची उघडून सुपारी चाचपत होता.

"आप्पा, गाडी सोडलेली न्हाय म्या. ऊन व्हायच्या आत निघते त्याला घेऊन."

"आज न्हाय जाता येणार," शिवलिंगप्पा म्हणाले.

"का?"

म्हाताऱ्याने घसा साफ केला. "आज दुपारी खेळ हाय. त्यानं थेटरात बसलेलं दिसलं पायजे. तसं कबूल करून आणलाय त्याला."

शांतलिंगचा हात चंचीत थांबला. "खेळ? आप्पा, माघापास्नं थेटर बंद हाय. येणार कोण हाय खेळाला?"

"घरटी एक माणूस. अमीनानं सकाळीच दवंडी दिलीय. बंद थेटर वर हैदराबादेला दिसतं म्हणं. गाव नांदतं हाय, सिनेमा चालू हाय, असं त्यांना कळवायचंय. म्या म्हणलं, चालू करतो, नातू सोडा. त्यांनी सोडला."

"आणि बाकीची पोरं?"

"बाकीची माझी न्हवती."

हे बोलताना म्हाताऱ्याचा आवाज जराही हलला नाही. पण शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आले आणि ते अंगणाकडे बघू लागले.

बाकीची पोरं त्यांचीच होती. दुसरं कुणी गिऱ्हाईक त्यांना उरलंच नव्हतं. पडदा मुका होता तेव्हा थेटर म्हाताऱ्या माणसांचं होतं. पडद्यावर देव आला की पुढची रांग उठून उभी राहायची, आयाबाया नारळ घेऊन यायच्या, पोरांना मागं ढकलून द्यायच्या. मग बोलपट आले. पडद्यावरच्या बाया उर्दूत गाऊ लागल्या. शेजारच्या गल्लीतला उत्तरेश्वर तेव्हा म्हणाला होता, "आप्पा, मुका व्हता तवर तुमचा पडदा बरा व्हता. वाचा फुटली आणि लाज गेली." तो गेला तो परत आला नाही आणि त्याच्यासारखी सगळी माणसं एकामागून एक तुटली. त्यांच्या जागी त्यांची पोरं आली. बापाची नजर चुकवून, पिकाच्या राखणीला जातो सांगून. लढाईच्या वर्षांत सोलापूरच्या गिरण्यांतून सुटीवर आलेली पोरं आली, त्यांच्या नव्या बायका आल्या. मग दिवस फिरले, रझाकारांची भीती पसरली. आधी लेकरं यायची बंद झाली, मागोमाग बायका. शेवटी मिसरूड फुटलेली तेवढी पोरं राहिली. शिवलिंगप्पांना त्याचं काही वाटलं नाही. पोरांनी थेटर भरतंय ना, मग झालं. सगळी तरणी पोरं एका छपराखाली एका वेळी सापडतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. अमीनाच्या आलं.

"कबूल करून आणला," शांतलिंग हळू म्हणाला. "एकट्याला. आप्पा, गाव काय म्हणंल कळतंय का तुम्हाला? कुलूप मामानं लावलं आणि भाचा तेवढा सुटला. दोन्हीचा अर्थ एकच लावतील माणसं."

"तू बोलू नको," नागम्मा म्हणाली. "तू तोंड उघडू नको माझ्यापुढं. त्या दाराला तू कुलूप घातलंस, शांत्या. आत माझं लेकरू व्हतं."

"मला ठावं न्हवतं, अक्का."

"दुसऱ्यांची व्हती हे तर ठावं व्हतं."

तेव्हा चौकटीतून शांताक्का पुढं आली. सासऱ्यासमोर ती कधी अशी उभी राहत नसे. पदर डोक्यावर ओढून ती म्हणाली, "वन्सं, कुलूप त्यांनी लावलं. पोराला आत म्या सोडलं. म्या सोडलं नसतं तर तो घरात व्हता."

नागम्मा तिच्याकडे बघत राहिली. शांतलिंगही बघत राहिला. इतक्या महिन्यांत बायकोने त्याला हे सांगितलं नव्हतं. गावाचे आणि बहिणीचे शिव्याशाप त्याने एकट्याने अंगावर घेतले होते आणि ती शेजारी बसून भाकरी थापत होती. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. खूप थकल्यासारखं मात्र झालं.

"सोलापूरला जाऊ सगळी," तो म्हणाला. "मशीन राहू दे, थेटर राहू दे. नाक्यावर ओळखीचा माणूस हाय माझ्या. अर्धा गाव पलीकडं गेलाय, आपुन तेवढं काय धरून बसलोय?"

आणि ज्या भावाचं तोंड बघायचं नाही म्हणत होती, त्याच्याच बाजूने नागम्मा बोलली. "शांत्या म्हणतो ते खरं हाय, आप्पा. चला."

"रामा आज थेटरात दिसला न्हाय, तर सांजच्याला अमीन दारात येईल," शिवलिंगप्पा म्हणाले. "आणि त्याला धरायला न्हाय आला, तर मला धरायला येईल. हातकडी घालून वेशीतनं नेतील. बघ, तुला चालत असंल तर."

*

रामलिंग कधी दारात येऊन उभा राहिला ते कुणाला कळलं नाही. एका हाताने त्याने चौकट धरली होती. इरम्मा त्याच्यामागे होती.

"मला वाटलं व्हतं सगळ्यांना सोडायलेत," तो म्हणाला. "शिपाई म्हणला, चल, तुझा नंबर आला. मला वाटलं, मागनं बाकीचे येतील. म्या वेशीपाशी थांबलो व्हतो काल. लई वेळ थांबलो. आज्जा, तुम्ही मला विचारलं असतं तर म्या आलो नसतो."

"म्हणूनच विचारलं न्हाय."

"बस बाळा," नागम्मा म्हणाली.

तो बसला नाही. "बब्रुवान मेला," तो म्हणाला.

बब्रुवान हा उत्तरेश्वरचा पोरगा. रामलिंगच्या वर्गातला, त्याच्याबरोबर धरलेला. नागम्माला तो आठवला. गेल्या वर्षी तेरला आला होता तेव्हा तिने त्याला हुरडा खायला घातला होता, तोंडाने अखंड बडबड.

"ताप व्हता," रामलिंग सांगत होता. "हगवण लागली. पाणी मागायचा, आमी आमच्यातलं द्यायचो. एका पहाटे उठवायला गेलो तर अंग गार लागलं. कांबळ्यात गुंडाळून नेला. वर आम्हालाच सांगितलं, दवाखान्यात हलवलाय. ज्याच्या मांडीवर मेला त्यालाच सांगतात, दवाखान्यात हलवलाय." तो थांबला. "सोडताना म्हणले, भाईर कुणापाशी बोललास तर परत आत. म्या आता जाऊन उत्तरकाकांना सांगणार हाय."

मग इरम्माने, जिने सकाळपासून एक शब्द काढला नव्हता, नातवाचं मनगट धरलं.

"न्हाय सांगायचं."

"आज्जी?"

"तुळजाबाई रोज सकाळी माझ्या चुलीतला विस्तव न्यायला येती. कुलूप लागलं त्या दिसापास्नं गावातलं एक माणूस या घराची पायरी चढलं न्हाय, ती तेवढी येती. बब्रुवान कवा येईल, एवढंच विचारती. म्या म्हणते, येईल. तिचा गेला. आता सांगितल्यानं तो येत न्हाय. पण ती रडली की गल्ली रडल, आणि गल्ली रडली की कुणी सांगितलं ते अमीनाला कळंल. तुला परत नेतील. तुलाबी ताप येईल." तिने त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं. "सगळं थंड झाल्यावर सांगू तिला. म्या सांगन, माझ्या तोंडानं. आज न्हाय."

"खरं हाय अव्वाचं," शांतलिंग म्हणाला.

"रामा, आज्जी म्हणती तसं कर," शांताक्का म्हणाली.

नागम्माने बापाकडे पाहिलं. म्हातारा मान हलवत होता. माघापासून या घरात दोन माणसांचं एका गोष्टीवर पटलं नव्हतं. ताटं वेगळी मांडली जात होती, बोलणं भिंतीला ऐकवलं जात होतं. आज सगळी एका मताची झाली. नागम्माला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "व्हय बाळा. काय बोलू नको."

रामलिंगने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आईकडे सर्वांत शेवटी. मग त्याने आजीच्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि मोरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतायला लागला. दुपारी आजोबा "चल" म्हणाले तेव्हा तो मुकाट त्यांच्यामागून निघाला.

*

संध्याकाळनंतर बाहेर पडायची बंदी होती म्हणून खेळ दुपारचा ठेवला होता. पत्र्याच्या फटींना काळं कापड लावलं होतं आणि आत भट्टीसारखं तापलं होतं. शांतलिंग दारात उभा राहिला. शेजारी अमीनाचा शिपाई भिंतीला बंदूक टेकवून बसला होता.

माणसं येऊ लागली. शांतलिंगने या दारात पुष्कळ गर्दी पाहिली होती. शिट्ट्या मारत येणारी, खांद्यावर हात टाकून येणारी. आज काठ्या टेकत येत होती. घरटी एक माणूस म्हटल्यावर घरात जे होतं ते आलं होतं, आणि घरांत म्हातारी माणसंच उरली होती. तरणी तुरुंगात होती, नाहीतर सरहद्दीपलीकडे, आणि काही कुठं होती ते कुणालाच माहीत नव्हतं. बरेच जण कित्येक वर्षांनी आत पाऊल टाकत होते. एकाने बाहेर जोडे काढले, त्याचं बघून दुसऱ्याने काढले. दारात शांतलिंग आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण एकाही नजरेने त्याला ओळख दिली नाही.

उत्तरेश्वर आला. त्याच्यामागे तुळजाबाई होती.

"घरटी एकच सांगितलं हाय, काका," शांतलिंग कसाबसा म्हणाला.

"हिला यायचंच म्हणं," उत्तरेश्वर दुसरीकडे बघत म्हणाला. "म्या लई सांगितलं."

ती जनान्याच्या पडद्याआड गेली. नागम्मा आणि शांताक्का तिथं आधीच बसल्या होत्या. पुरुषांच्या बाजूला जमिनीवर मधोमध रामलिंग बसला होता. त्याच्या जवळ आलेली माणसं थबकत आणि वळून लांब जाऊन बसत. थेटर भरलं तरी त्याच्या भोवतीची जमीन रिकामीच राहिली. पुरुषांच्या सगळ्या बाजूला काळ्या केसांचं माणूस त्याच्याशिवाय दुसरं नव्हतं, आणि त्याचेही केस भादरलेले होते.

इंजिन धडधडलं, पडद्यावर उजेड पडला. कुणीतरी बाई झोपाळ्यावर बसून गात होती. म्हातारी माणसं कचेरीत बोलावून बसवल्यासारखी मांडी घालून समोर बघत होती. गाण्यात काय चाललंय याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं.

मग जनान्याचा पडदा हलला. तुळजाबाई वाकून बाहेर आली आणि बायांनी कधी न ओलांडलेली ती जागा ओलांडून पुरुषांतून चालू लागली. शिपायाने मान उचलली, बघितलं, आणि परत खाली घातली. ती रामलिंगच्या शेजारी, त्या रिकाम्या जमिनीवर बसली. शांतलिंग दार सोडून दोन पावलं पुढं सरकला.

"रामा," ती म्हणाली. "बब्रुवान संगंच हाय न्हवं तुझ्या?"

रामलिंगने तिच्याकडे बघितलं. पडद्यावरच्या उजेडात शांतलिंगला भाच्याचा चेहरा स्वच्छ दिसला. पोरगा आता सांगणार, असं त्याला वाटलं. त्या क्षणी त्याला स्वतःलाही तेच हवं होतं. काय व्हायचं ते होऊ दे, एकदा सांगून टाक.

"व्हय, काकू."

"जेवतो का रं? लई खोडी हायत त्याच्या जेवायच्या. भाजीत दोडका निघाला तर ताटावरनं उठतो."

"जेवतो. आता उठत न्हाय ताटावरनं."

ती हसली. तोंडाला पदर लावून हसली. "बघ की. आईचं ऐकलं न्हाय आणि शिपायाचं ऐकाया लागला." मग ती उठली आणि वाकून नवऱ्यापाशी गेली. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. उत्तरेश्वरने डोळ्यांवर हात ठेवला.

त्याच्यानंतर पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला. मग जनान्यातली एक म्हातारी. रामलिंगच्या भोवतीची जमीन हळूहळू भरत गेली. झोपाळ्यावरची बाई गात होती आणि म्हातारी माणसं त्याच्या कानाशी लागून आपापल्या पोराचं नाव सांगत होती. काहींची पोरं त्याने तुरुंगात पाहिलीही नसतील. तो प्रत्येकाला काहीतरी सांगत होता. शांतलिंगला ते ऐकवेना. तो बाहेर येऊन उन्हात उभा राहिला.

*

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली नाही. शिपायाने काल आलेली माणसं मोजून घेतली होती, अमीनाचं काम झालं होतं. शिवलिंगप्पांनीच मन घट्ट करून नातवाला सोलापूरला हलवायची मुलाला परवानगी दिली. जेवणं झाल्यावर शांतलिंगने नाक्यावरच्या ओळखीच्या माणसाला निरोप धाडला. गाडीत गवत अंथरून त्यावर पासोडी टाकली. नागम्मा बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधून पुढं बसली. चौकशी झालीच तर आजारी मुलाला सोलापूरला डॉक्टरकडे नेतेय म्हणून सांगायचं ठरलं होतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

रामलिंग घरात नव्हता. शांताक्का शोधायला गेली आणि थेटराच्या बाजूने धापा टाकत परत आली.

"वन्सं, या जरा."

थेटराच्या दारात माणसं थांबली होती. कालचीच माणसं आणि आणखी कितीतरी. तुळजापूरच्या वाटेवरच्या खेड्यांतली म्हातारी माणसं होती, कुणी चालत आलेली, कुणी दुसऱ्याच्या पाठुंगळी बसून. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळ्यांत पुढे तुळजाबाई होती. आणि पायरीवर बसून रामलिंग तिच्याशी बोलत होता.

नागम्माने त्याला बाजूला घेतलं. "चल. गाडी जुंपलीय. आता न्हाय तर मग न्हाय."

"म्या येत न्हाय, आई."

"येड लागलं का तुला? सांग मग तिला खरं, सांग आणि चल. म्या म्हणते सांग. म्या चुकले काल."

"काल सांगता आलं असतं," रामलिंग म्हणाला. "आज तिनं त्याच्यासाठी टोपडं शिवून आणलंय, डोकं भादरलंय म्हणून उन्हाचं. मला म्हणती, कुणी जाणारं असंल तर धाड." तो आईकडे बघत नव्हता. "म्या गेलो तर ह्या सगळ्यांनी कुणाला विचारायचं?"

आत इंजिन सुरू झालं. शिवलिंगप्पांनी ते कुणाला सुरू करायला सांगितलं नव्हतं. शांतलिंगनेच केलं होतं. एवढी माणसं उन्हात किती वेळ उभी करायची. दार उघडलं तशी म्हातारी माणसं एकमेकांना आधार देत आत शिरू लागली आणि रामलिंगही त्यांच्यात मिसळून आत गेला.

नागम्मा गाडीपाशी परत आली. गाडीवाल्याने कासरा हातात घेतला होता. ती जुवावर हात ठेवून बराच वेळ नुसती उभी राहिली. मग तिने त्याला बैल सोडायला सांगितलं.